खंडेनवमीची संगीन

आश्विन शुद्ध नवमी ही खंडेनवमी. लोणी काळभोरसारख्या गावांतून या दिवशी पूर्वजांची शस्त्रे पाटावर मांडली जातात. त्यांत एखादे वेळी १८५६ च्या नमुन्याची एनफील्ड तलवार-संगीनही निघते. तिचे सुमारे २३ इंची पाते किंचित वाकडे असते. बंदुकीच्या तोंडातून दारू ठासताना शिपायाचा हात बचावावा, हा त्यातील हेतू. पूजेसाठी ते चिंच-राखेने घासले की कारखान्याचा ठसाच पुसला जातो. दिनकर केळकरांनी शासनास अर्पिलेला पुण्यातील संग्रह हा जुन्या वस्तू जपण्याचा वस्तुपाठच होय. म्हणून आम्ही कीर्तनात विनवितो : पाते कोरड्या फडक्याने पुसावे, तेलाचा हात द्यावा, गंधाक्षता पाटावर वाहाव्यात. पूर्वजांची खूण राखणे, हेही शस्त्रपूजनच.