नाव विकले गेले, साचा कुठे आहे?

शहरातील कितीतरी इमारतींत जिन्याखाली ताडपत्री पांघरलेली एखादी जुनी मोटारसायकल उभी असते. वडिलांनी बचत करून घेतलेली येझदी, किंवा कॉलेजच्या दिवसांतील आरएक्स १००. एके दिवशी तिचा गिअर अडकतो वा किक घसरू लागते. ओळखीचा मेकॅनिक इंजिन उघडतो आणि हात पुसत सांगतो, ‘साहेब, हा पार्ट आता मिळत नाही. कंपनीच राहिली नाही.’ मग गाडी पुन्हा जिन्याखाली जाते आणि एखाद्या रविवारी भंगारवाला तिची किंमत वजनावर सांगतो.

‘कंपनी राहिली नाही’ हे वाक्य अनेकदा अर्धसत्य असते. कंपनीची मालकी बदलण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येक प्रकारात सुट्या भागांचे भवितव्यही वेगळे असते. टाकीवरचे नाव आज कोणाचे आहे, यापेक्षा त्या गाडीचे आराखडे, साचे आणि भागांच्या याद्या कोणाकडे गेल्या, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले, तर आपला पार्ट शोरूममध्ये शोधायचा, बाजारात की लेथवर, हे बरेचसे ठरते.

भागीदार गेला, कारखाना राहिला

पहिला प्रकार सर्वांत सुखाचा. यात भागभांडवलाचे मालक बदलतात, कारखाना मात्र चालू राहतो. हीरो होंडा हे त्याचे ठळक उदाहरण. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीतून बाहेर पडण्याचा निर्णय होंडाने डिसेंबर २०१० मध्ये घेतला. तिचा २६ टक्के हिस्सा हीरो समूहाने घेतला आणि २०११ मध्ये कंपनीचे नाव हीरो मोटोकॉर्प झाले. त्या वेळी अनेक ग्राहकांनी पार्टची धास्ती घेतली होती. पण १९९४ पासून रस्त्यावर असलेल्या स्प्लेंडरचे उत्पादन थांबले नाही. सीडी १०० च्या काळापासून चालत आलेली ९७.२ सीसी इंजिनाची मूळ रचना पुढेही वापरात राहिली. ज्या इंजिनाच्या नव्या गाड्या बनत असतात, त्याच्या जुन्या गाड्यांनाही पिस्टन आणि क्लचप्लेट मिळत राहतात.

आरएक्स १०० ची गोष्ट याच्या उलट आहे. एस्कॉर्ट्सने यामाहाच्या सहकार्याने १९८५ मध्ये ही गाडी आणली. पुढे दोघांची संयुक्त कंपनी झाली आणि २००१ मध्ये ती पूर्णपणे यामाहाच्या मालकीची झाली. म्हणजे ज्या कंपनीचे तंत्रज्ञान, तिच्याच हाती कारखाना आला. तरीही आरएक्स १०० च्या मालकांना कंपनीची टाकी किंवा साइड पॅनल शोधत फिरावे लागते. कारण मालकी बदलण्याआधीच, १९९६ मध्ये, या मॉडेलचे उत्पादन संपले होते. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसे टू-स्ट्रोक इंजिन मागे पडले. मागणी कमी झाली की कंपनी त्या भागाची पुढची खेप काढत नाही. दोष मालकीबदलाला दिला जातो. पार्ट मात्र मॉडेलच्या वयाने संपलेला असतो.

नाव परतले, इंजिन नाही

दुसरा प्रकार सर्वांत फसवा. कारखाना बंद पडतो आणि काही वर्षांनी केवळ नाव परत येते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून जावा आणि १९७३ पासून येझदी बाहेर पडत होत्या. १९९६ मध्ये तो बंद झाला. २०१८ मध्ये महिंद्रा समूहाच्या क्लासिक लेजंड्स कंपनीने जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावे पुन्हा रस्त्यावर आणली. मधल्या काळात येझदी या नावाच्या हक्कावरून न्यायालयीन वादही झाला.

जुन्या येझदीचा मालक आशेने नव्या शोरूममध्ये गेला, तर तेथे त्याच्या गाडीला बसणारे इंजिनाचे भाग मिळणार नाहीत. जुनी जावा २५० सीसीची, टू-स्ट्रोक, एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सरची, हवेने थंड होणारी. २०१८ ची जावा २९३ सीसीची, फोर-स्ट्रोक आणि कूलंटने थंड होणारी. दोन्हींमध्ये नाव आणि तोंडवळा समान आहे, पिस्टन नाही.

कंपनी अवसायनात जाते, म्हणजे देणी भागवण्यासाठी तिची मालमत्ता विकायला निघते, तेव्हा नाव, जमीन, यंत्रे आणि साचे एकाच गिऱ्हाइकाकडे जातीलच असे नसते. नावाला किंमत येते. एखाद्या क्रॅंककेसचा साचा मात्र लोखंडाच्या भावानेही जाऊ शकतो.

असे असूनही जावा-येझदी आजही धावताना दिसतात. दरवर्षी जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा दिन साजरा करण्यासाठी देशातील अनेक शहरांत त्यांचे मालक एकत्र येतात. लहान कारखानदारांनी क्लचप्लेट, पिस्टन, केबल, रबरी भाग बनवणे सुरू ठेवले, हे त्यामागचे एक कारण. दुसरे कारण चेक प्रजासत्ताकात आहे. भारतातील सुरुवातीच्या जावा मूळ चेक आराखड्यावरच बनल्या होत्या आणि तेथे जुन्या जावाचे भाग अजून तयार होतात. ते सगळेच येझदीला बसतात असे नाही. त्यामुळे मागवण्यापूर्वी मापे जुळवणे आवश्यक ठरते.

केवळ वितरक बदलतो तेव्हा

तिसरा प्रकार परदेशी गाड्यांचा. येथे कारखाना परदेशात चालूच असतो, भारतातला भागीदार बदलतो. मूळची इटलीची बेनेली २००५ पासून चिनी कंपनीच्या मालकीची आहे. पुण्याच्या डीएसके समूहाने २०१५ मध्ये ती भारतात आणली. वाई येथे तिची जुळणी होत असे. २०१८ मध्ये ही व्यवस्था संपली आणि हैदराबादच्या आदीश्वर या कंपनीकडे बेनेलीचे काम गेले.

अशा बदलात पार्ट जगात उपलब्ध असतो, पण तो आपल्यापर्यंत येण्याची साखळी तुटलेली असते. नवा भागीदार जुन्या ग्राहकांची जबाबदारी घेतो की नाही, हे दोन कंपन्यांमधील करारावर ठरते. म्हणून जुनी वॉरंटी आणि सर्व्हिसची कागदपत्रे जपून ठेवावीत आणि नव्या भागीदाराकडून मिळणारे आश्वासन लेखी घ्यावे. या प्रकारात गाडी घाईने विकणे तोट्याचे ठरते, कारण साखळी पुन्हा जुळण्याची शक्यता असते.

कोणता भाग कुठे शोधावा

मोटारसायकलचे सगळे भाग सारखे दुर्मीळ नसतात. बेअरिंग, ऑइल सील, स्पार्क प्लग, बल्ब यांची मापे ठरलेली असतात आणि त्यावर गाडीच्या कंपनीचा एकाधिकार नसतो. बेअरिंगवर ६२०४ असा आकडा असेल, तर त्याचा आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७ आणि जाडी १४ मिलिमीटर असणार, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो. जुने बेअरिंग फेकण्यापूर्वी हा आकडा टिपून घेतला की काम झाले.

पिस्टन आणि सिलिंडर यांना दुसरी वाट असते. सिलिंडर झिजला की तो बोअर करून पुढच्या साइझचा पिस्टन घालतात. बहुतेक गाड्यांत या साइझ पाव मिलिमीटरने वाढत जातात. शेवटची साइझही संपली, तर ब्लॉकमध्ये नवी स्लीव्ह बसवून पुन्हा मूळ मापापासून सुरुवात करता येते. बुश, पिन, स्पेसर असे साधे भाग चांगला लेथवाला नमुन्यावरून बनवून देतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या भागात ओतकाम आणि लेथकामाची परंपराच आहे. गिअरचे दाते आणि क्रॅंक मात्र योग्य पोलाद आणि उष्णतेची प्रक्रिया यांवर टिकतात. ते नमुन्यावरून बनवून घेणे जोखमीचे.

सर्वांत अवघड असतात ते टाकी, साइड पॅनल, मीटर आणि मूळ चिन्हे. त्यांच्यासाठी जुन्या मालाच्या बाजारांकडेच वळावे लागते. पुण्यातील नाना पेठेची दुकाने आणि बुधवार-रविवारचा जुना बाजार, दिल्लीचे करोल बाग, चेन्नईचे पुदुपेट ही नावे जुन्या गाड्यांच्या मालकांना पाठ असतात. दुकानाच्या माळ्यावर वीस-वीस वर्षे पडून राहिलेला कंपनीचा माल कधीकधी येथेच सापडतो.

पार्ट नंबरची किल्ली

शोध सोपा करणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पार्ट नंबर. दुकानदाराला ‘येझदीचा तो गोल पार्ट द्या’ म्हणण्यापेक्षा मॉडेल, वर्ष आणि पार्ट नंबर सांगणे केव्हाही बरे. होंडाच्या क्रमांकात पहिले पाच आकडे भाग कोणता हे सांगतात आणि मधला गट तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी होता हे सांगतो. यामाहाच्या क्रमांकात मॉडेलची खूण सुरुवातीलाच असते. त्यामुळे एका मॉडेलचा भाग दुसऱ्यात वापरला गेला असेल, तर ते क्रमांकावरून समजते. पुष्कळदा जुना क्रमांक रद्द होऊन त्याच भागाला नवा क्रमांक मिळालेला असतो. काउंटरवर ‘हा नंबर बंद झाला’ असे उत्तर आले, तर ‘याच्या जागी कोणता नंबर आला?’ हा पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

टंचाई असली की बनावट मालही येतो. नकली साइड पॅनलने फार तर गाडी कुरूप दिसेल. परंतु ब्रेकशू, चेन, कनेक्टिंग रॉड यांत फसवणूक झाली, तर प्रश्न जिवाचा असतो. चालत्या गाडीत इंजिन जाम झाले, तर मागचे चाक जागीच अडकू शकते. या भागांत स्वस्ताईचा मोह टाळावा, पक्के बिल घ्यावे आणि जुना भाग शेजारी ठेवून माप व वजन ताडून पाहावे.

कागदपत्रांची बाजू

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. इंजिन किंवा क्रमांक असलेली क्रॅंककेस बदलली, तर त्याची नोंद आरटीओकडे करणे आवश्यक आहे. बाजारातून कागदाविना आणलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर हौस महागात पडते. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकींना ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळू शकते, मात्र तिच्या मूळ सांगाड्यात आणि इंजिनात मोठे फेरफार झालेले नसावेत. म्हणजे आज बसवलेला चुकीचा पार्ट उद्याच्या नोंदणीच्या आड येऊ शकतो.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ हा विषय हाती घेतला आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. चालू कंपन्यांच्या ग्राहकांना त्याचा उपयोग होईल. पण जो कारखानाच बंद झाला, त्याच्यावर कोणते बंधन घालणार? तेथे लहान कारखानदार, लेथवाला आणि जुन्या मेकॅनिकची स्मरणशक्ती यांच्यावरच भिस्त असते.

म्हणून जिन्याखालच्या गाडीला भंगाराची वाट दाखवण्यापूर्वी तिची कुंडली मांडावी: उत्पादन कधी थांबले, कारखाना कोणाकडे गेला, हवा असलेला भाग कोणत्या प्रकारचा आणि त्याचा क्रमांक काय. या चार प्रश्नांनंतरही उत्तर ‘नाही’ आले, तर गोष्ट वेगळी. पण अनेकदा ज्या पार्टसाठी गाडी वर्षानुवर्षे उभी असते, तो कोणत्या तरी पेठेतल्या दुकानाच्या माळ्यावर, वेगळ्याच नंबरच्या खोक्यात पडलेला असतो.