गळ्याखालचे हाड कसे मोडते?



गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर मी मनवेलपाड्याहून निघून भाताण्याकडच्या एका पाड्यावर आरोग्यभेटीला गेले होते. जांभळे पिकली होती. ओटीवर नऊ वर्षांचा एक मुलगा बसला होता. मान डावीकडे कललेली, आणि उजव्या हाताने डाव्या हाताचे कोपर उचलून धरलेले. झाडावरून पडून त्याला दोन दिवस झाले होते. "सिस्टर, खांदा उतरलाय पोराचा. तेल लावून चोळते रोज," आई म्हणाली. खांदा उतरला नव्हता. एक्स-रेमध्ये दिसले, गळ्याखालचे हाड मोडले होते.

या हाडाला डॉक्टर कॉलरबोन म्हणतात, जुनी माणसे हासळी. छातीच्या मधल्या हाडापासून खांद्याच्या टोकापर्यंत ते आडवे जाते. हात आणि धड यांना जोडणारा हाडाचा दुवा हा एवढाच. त्यामुळे खांद्यावर बसलेला मार यातूनच छातीकडे जातो. दोन्ही टोके मजबूत बंधांनी बांधलेली असतात, पण मधला भाग बारीक, वळलेला आणि जेमतेम कातडीने झाकलेला. म्हणून दर १० पैकी साधारण ८ वेळा हे हाड मधल्या भागातच मोडते. आईच्या पोटात सर्वांत आधी घट्ट होऊ लागणारे हे हाड पूर्ण पक्के व्हायला मात्र पंचविशी उजाडते.

पडताना हात टेकला म्हणून ते मोडते, असे पूर्वी मानत. तसेही होते, पण बहुतेक वेळा माणूस सरळ खांद्यावर आपटलेला असतो. आमच्याकडे त्याची कारणे ठरलेली आहेत : झाड, शेताचा निसरडा बांध, महामार्गावर खडीवरून घसरलेली मोटारसायकल, विटांनी भरलेल्या टेम्पोवरून पडणे. जन्मतानाही बाळाचा खांदा अडकला तर हे हाड मोडू शकते. असे बाळ एक हात हलवत नाही, उचलले की रडते. त्यात दाईचा दोष असतोच असे नाही, आणि कुणाची नजरही लागलेली नसते. दोन-तीन आठवड्यांत हाड जुळते. मात्र नसेला इजा झाली तरीही बाळ हात हलवत नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

त्या मुलाने कोपर का धरले होते? हाड मोडले की मानेचा स्नायू आतला तुकडा वर ओढतो आणि हाताचे वजन बाहेरचा तुकडा खाली खेचते. कोपर उचलून धरले की ती ओढ कमी होते. उपचार काय, हे शरीरच सांगत असते. साडीच्या फडक्याची झोळी करून हात गळ्यात बांधायचा, की दुसऱ्या हाताचे काम झोळी करते. चोळू नये, ओढू नये. या हाडाच्या खालूनच हाताची मोठी रक्तवाहिनी आणि नसा जातात, आणि फुप्फुसाचे टोकही जवळच असते. हात गार पडला, मुंग्या आल्या, धाप लागली किंवा हाड कातडीतून बाहेर येऊ पाहत असेल, तर लगेच १०८ ला फोन करावा.

मुलांचे हाड ३ ते ६ आठवड्यांत जुळते, मोठ्यांचे ६ ते १२. तुकडे फार सरकले असतील तर कधी पट्टी बसवण्याचे ऑपरेशन लागते. विडी ओढणाऱ्यांचे हाड उशिरा जुळते. जुळताना तिथे गाठ येते. ती नव्या हाडाची असते, भिण्याचे कारण नाही. मुलांमध्ये ती हळूहळू विरते.

तो मुलगा महिन्याभराने पुन्हा खेळू लागला. वीटभट्टीवरच्या एका तरुणाचे मात्र तसे झाले नाही. त्याने भट्टीवर उचल घेतली होती. आठव्या दिवशीच झोळी सोडून तो विटा वाहू लागला. हाड जुळलेच नाही. आजही हात वर नेताना त्याचा खांदा दुखतो.

झोळीला पैसे लागत नाहीत, पैसे लागतात ते विश्रांतीला. हातावर पोट असलेल्या घरात सहा आठवडे कमावता हात गळ्यात बांधलेला असतो, तेव्हा चूल कशी पेटणार? म्हणून तुमच्या देणगीतून आम्ही औषधांबरोबर अशा घरांना तेवढ्या आठवड्यांचे तांदूळ, डाळ आणि तेलही देऊ इच्छितो.

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण सर्व जाणतो. त्याने जखमा बांधल्या, एवढ्यावर तो थांबला नाही. पुढच्या दिवसांच्या खर्चाचे पैसे उतारशाळेच्या मालकाकडे देऊन मगच तो निघाला. आमच्या पाड्यांवरची हाडे जुळायला तेच दुसरे काम हवे आहे.