विद्येची गादी आणि तथागतांचा नकार

जपानमधील युद्धकलांचे संस्थापक आपला वारस कसा निवडतात, हा प्रश्न वरवर पाहता बौद्ध अभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु तेथील वारशाची भाषा बऱ्याच अंशी झेन पंथातून आलेली आहे. शिष्याच्या सिद्धतेस गुरूने दिलेली मान्यता, म्हणजे ‘इंका’, हा झेनमधील शब्द काही शस्त्रविद्यांच्या घराण्यांनीही स्वीकारला. गुरूचा वारसा घेणे यास जपानी भाषेत आजही ‘चीवर आणि पात्र स्वीकारणे’ असेच म्हणतात.

भाषा गुणाची असली, तरी व्यवहार काय घडला हे आयकिदोच्या इतिहासात दिसते. या कलेचे संस्थापक मोरिहेइ उएशिबा (१८८३-१९६९) यांनी १९३१ साली तोक्यो येथे आपली व्यायामशाळा उभारली. १९३२ साली त्यांनी कियोशी नाकाकुरा या निष्णात खड्गपटूस आपली कन्या देऊन दत्तक घेतले व वारस मानले. आपल्याकडे ‘घरजावई’ या शब्दास उपहासाची छटा आहे. जपानमध्ये मात्र घराण्याबाहेरील गुण घराण्यात आणण्याची ती प्रतिष्ठित रीत होय. पुढे काही वर्षांतच हा संबंध तुटला. नाकाकुरा आपल्या खड्गविद्येकडे परतले आणि १९४२ साली तोक्योच्या शाळेचा भार संस्थापकांचे पुत्र किश्शोमारू यांच्यावर आला. त्यांनी ही कला जगभर नेली, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि संस्थापकांचे अग्रगण्य शिष्य व मुख्य प्रशिक्षक कोइची तोहेइ, ज्यांना दहावी श्रेणी लाभली होती, ते १९७४ साली संस्थेतून बाहेर पडले. १९९९ पासून गादीवर नातू मोरितेरू आहेत. वारस निवडावयाचा तो गुणावरून, असा आरंभ झाला आणि शेवट जन्मावर झाला. जन्मावरून ठरणाऱ्या अधिकाराचा अर्थ या नियतकालिकाच्या वाचकांस वेगळा सांगावयास नको.

भगवान बुद्धांनी या प्रश्नाचे मूळच छेदले. वृद्ध तथागतांनी संघ आपल्या स्वाधीन करावा, अशी मागणी देवदत्ताने केली तेव्हा, सारिपुत्त आणि मोग्गल्लान यांच्याकडेही मी संघ सोपविणार नाही, असे तथागतांनी सांगितल्याचे विनयपिटकात नमूद आहे. म्हणजे नकार केवळ अपात्र शिष्यास नव्हता. सर्वश्रेष्ठ शिष्यांनाही होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात या नकारास मुद्दाम स्थान दिले आहे.

मग संघ चालावा कसा? मज्झिम निकायातील गोपक-मोग्गल्लान सुत्तात हाच प्रश्न मगधाचा महामात्य वस्सकार आनंदास विचारतो. महापरिनिब्बाणानंतरचा तो काळ. राजगृहाची तटबंदी चालू आहे. तथागतांनी कोणा भिक्खूस नेमले आहे काय? नाही. संघाने कोणास निवडले आहे काय? तेही नाही. मग तुम्ही निराधार आहात! आनंद म्हणतात, आम्ही निराधार नाही; धम्म हाच आमचा आधार आहे. उपोसथाच्या दिवशी एका क्षेत्रातील भिक्खू एकत्र जमतात, पातिमोक्खाचे पठण होते आणि ज्याच्याकडून दोष घडला असेल त्याच्याबाबत धम्मानुसार वर्तन होते. शील, बहुश्रुतता, संतोष, ध्यान आदी दहा गुण ज्याच्या ठायी दिसतात, त्याचा आम्ही आदर करतो.

हे ऐकून वस्सकार शेजारच्या उपनंद सेनापतीकडे वळला आणि विचारता झाला, हे भिक्खू आदरणीयाचाच आदर करतात ना? सेनापतीने होकार दिला.