गांजाचे दुकान आणि सरकारी परवाना

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे अमेरिकेतून पत्र आले. सातवीपर्यंत तो लोंढ्याच्या आमच्या मराठी शाळेत पहिल्या बाकावर बसे. आता कॅलिफोर्नियातील एका लहान शहरात सहकुटुंब स्थायिक झाला आहे. तेथील नगरसभेपुढे गांजाच्या दुकानाला परवाना देण्याचा प्रश्न आला असून नागरिकांचे म्हणणे ऐकून घेतले जाणार आहे. ‘सर, मी कोणत्या बाजूने बोलू?’ असे त्याने विचारले आहे.

प्रथमदर्शनी मला हसूच आले. गांजाची ‘बाजू’ ती कसली! परंतु थोडे वाचन केल्यावर ध्यानात आले की, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात प्रश्न उपस्थित झाल्यावरून हिंदुस्थान सरकारने भांग-गांजाच्या चौकशीसाठी एक आयोग नेमला. आयोगाने प्रांतोप्रांती हिंडून सुमारे १,२०० साक्षी नोंदविल्या. त्यांत डॉक्टर होते, कलेक्टर होते, व्यापारी होते. ज्या मुंबई इलाख्यात तेव्हा आपला बेळगाव जिल्हा मोडत असे, त्याच इलाख्यातील नगर जिल्हा गांजाच्या शेतीसाठी प्रसिद्ध होता. १८९४ च्या अहवालात आयोगाने संपूर्ण बंदीची शिफारस केली नाही. बेताच्या सेवनाने फारसा अपाय होत नाही, अतिसेवनाने मात्र होतो, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणून शेतीला परवाना असावा, माल सरकारी देखरेखीखालील कोठारात राहावा, कर भरल्यावाचून तो बाहेर पडू नये, दुकाने मोजकीच असावीत आणि एका माणसाने किती बाळगावा यालाही मर्यादा असावी, अशी त्याची योजना होती. बंगालमधील नवगाव येथे कोठारांची ही पद्धत आधीच रुळलेली होती. (तिजोरीत पडणारा कर सरकारला अप्रिय नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.)

स्वातंत्र्योत्तर काळात वारे फिरले. १४ नोव्हेंबर १९८५ रोजी अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा अमलात आला आणि गांजा व चरस यांवर कडक बंदी बसली. गंमत अशी की, शेंड्याची फुले-फळे म्हणजे गांजा. शेंड्यावाचूनची पाने त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे भांगेचा कारभार राज्यांकडे राहिला. काशी किंवा जैसलमेर येथील आपल्या वाचकांनी सरकारमान्य भांगेच्या दुकानाची पाटी पाहिली असेल. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याचे बंधन भांगेवरही आहे. एकाच झाडाची पाने एका राज्यात प्रसाद आणि दुसऱ्यात गुन्हा!

कॅलिफोर्नियात २०१६ च्या जनमताने गांजा कायदेशीर झाला आणि १ जानेवारी २०१८ पासून दुकाने उघडली. तरीही शहराची संमती नसेल तर तेथे दुकान उघडता येत नाही. पुष्कळ शहरांनी ती दिलेलीच नाही. गिऱ्हाइकाचे वय एकवीस हवे, रोपापासून पुडीपर्यंत मालाची नोंद हवी. शाळेपासून सर्वसाधारणपणे ६०० फुटांचे अंतर हवे, पण शहर हे अंतर बदलू शकते.

अंतराच्या या कलमापाशी मी थबकलो. आपल्याकडेही २००३ च्या कायद्याने शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखूची विक्री निषिद्ध आहे. आमच्या फाटकापासून पावले मोजीत जाण्याचा उद्योग मी केलेला आहे. अंतर फाटकापासून धरायचे की वर्गाच्या दारापासून, यावर टपरीवाल्याने माझ्याशी जो वाद घातला, तो एखाद्या वकिलालाही शोभला असता. मुले मात्र शंभर यार्ड मधल्या सुट्टीत सहज धावतात.

दुसरी आठवण कडू आहे. लोंढा हे जंक्शन. गोव्याकडील आणि हुबळीकडील गाड्या येथे भेटतात. माझ्या हाताखालून गेलेला एक मुलगा, ऐन विशीतला, गाडीत गांजाच्या थैलीसह सापडला. थैली दुसऱ्याची, पोचविण्याचे पैसे मिळणार होते, असे तो सांगतो. एक किलोपर्यंतचा माल ‘अल्प’, वीस किलोंच्या वरचा ‘व्यापारी’. याचा माल मधला. म्हणजे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. त्याची आई दर तारखेला कोर्टात जाते. थैली देणारा कोण, हे अद्याप कोणाला ठाऊक नाही.

परवानाधारक दुकानाच्या दारावर निदान मालकाचे नाव तरी असते! हा विचार मनात आला आणि मी स्वतःच दचकलो; तीस वर्षे मुलांना व्यसनमुक्तीची प्रतिज्ञा देणारा मी.

उत्तरात मी त्याला कोणतीच बाजू सांगितली नाही. दुकानाचा मालक गावचा आहे की परका, कराचा पैसा शाळेकडे व दवाखान्याकडे वळणार की रस्त्यांत मुरणार, आणि ६०० फूट कोणत्या दारापासून मोजणार, हे तीन प्रश्न सभेत उभे राहून विचार, असे लिहिले. सभेचा वृत्तांत तो कळविणार आहे.