विश्लेषण : स्तनातील ‘फायलोडीस’ गाठीत पहिली शस्त्रक्रिया निर्णायक का?

तरुण वयात स्तनात हाताला लागणारी गुळगुळीत, सरकणारी गाठ बहुतेक वेळा साधी ‘फायब्रोअॅडिनोमा’ असते. मात्र तशीच दिसणारी एखादी गाठ काही महिन्यांत झपाट्याने वाढली, तर ‘फायलोडीस ट्यूमर’चा संशय घ्यावा लागतो.

हा ट्यूमर नेमका काय?

स्तनातील सर्व गाठींमध्ये याचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी. बहुतांश रुग्ण चाळिशीतील. जर्मन शास्त्रज्ञ योहान्नेस म्युलर यांनी 1838 मध्ये त्याला ‘सिस्टोसार्कोमा फायलोडीस’ म्हटले. गाठ कापल्यावर आत पानांसारख्या घड्या दिसतात, म्हणून ‘फायलोडीस’. ‘सार्कोमा’ हा शब्द मात्र उगाच धडकी भरवणारा. यातील बहुतेक गाठी सौम्य असतात. उरलेल्या सीमारेषेवरच्या किंवा घातक.

उपचार कोणते?

शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार. सुईच्या तपासणीत हा ट्यूमर आणि फायब्रोअॅडिनोमा यांतील फरक अनेकदा कळत नाही. मग साधी गाठ समजून ती नुसती सोलून काढली जाते, कडेला पेशी राहतात आणि गाठ पुन्हा उद्भवते. म्हणून, विशेषतः सीमारेषेवरच्या व घातक प्रकारात, भोवतालची सुमारे एक सेंटिमीटर निरोगी ऊतीही काढतात. काखेतील गाठी सहसा काढाव्या लागत नाहीत, कारण हा आजार रक्तावाटे, मुख्यतः फुप्फुसात पसरतो. हार्मोनच्या गोळ्यांचा उपयोग नाही, केमोथेरपीचा मर्यादित. घातक प्रकारात रेडिएशनने त्याच जागी गाठ परतण्याचा धोका घटतो.

घातक निघाली तर?

अमेरिकेत 1983 ते 2002 दरम्यान निदान झालेल्या, घातक फायलोडीसच्या 821 महिलांच्या नोंदी अभ्यासण्यात आल्या. पाच वर्षांनंतर 91 टक्के, दहा वर्षांनंतर 89 टक्के महिला या आजाराच्या मृत्यूपासून वाचल्या होत्या. पूर्ण स्तन काढलेल्यांच्या तुलनेत केवळ गाठ व कडा काढलेल्या महिला मागे नव्हत्या. फुप्फुसात पसरल्यावर मात्र चित्र बिकट होते.

गुहागरच्या रुग्णाने काय करावे?

गुहागरहून चिपळूणमार्गे डेरवणचे वालावलकर रुग्णालय गाठता येते. पुढचा टप्पा मुंबईत परळचे टाटा मेमोरिअल. गाठ कुठेही काढली तरी ती पॅथॉलॉजी तपासणीला पाठवली का आणि अहवालात कडा मोकळ्या आहेत का, हे डॉक्टरांना विचारावे. स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक जपून ठेवावा. दुसऱ्या रुग्णालयात मत घेताना तोच मागतात. गाठ परतलीच तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत, त्यामुळे त्या काळातली तपासणी चुकवू नये.