पंचतारांकित लंच, तोही हाताने!

क्लाएंटबरोबर लंच, टीमबरोबर लंच, बॉसच्या प्रमोशनचा लंच... आपले लंच संपत नाहीत. पण आई-बाबांना एखाद्या पॉश हॉटेलात शेवटचं कधी नेलं होतंत? आठवा जरा!

‘‘आम्हाला आपलं घरचंच बरं गं.’’

बाबांचं हे वाक्य मी गेली बारा वर्षं ऐकतेय. वाढदिवस असो, दिवाळी असो, बोनस असो. आई हळूच तयार व्हायची, पण बाबांचा नन्नाचा पाढा कायम. मैत्रिणींना वाटायचं, काका जुन्या वळणाचे आहेत. तसं काही नाहीये. त्यामागचं कारण मला पक्कं माहितीय. कारण ते कारण मीच आहे.

झालं असं, की पहिला पगार हातात आला आणि मी दोघांना दक्षिण मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात लंचला नेलं. बाबा तेव्हा बेस्टमध्ये कंडक्टर होते. आयुष्यभर डेपोत डबा खाल्लेला माणूस. त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. समोर पांढराशुभ्र टेबलक्लॉथ, काचेचे चार प्रकारचे ग्लास आणि डाव्या-उजव्या बाजूला काट्या-सुऱ्यांची परेड. तंदुरी चिकनचा पीस काट्याने धरायला गेले आणि तो सटकून थेट टेबलक्लॉथवर. बाबा हसले, काटा बाजूला ठेवला आणि घरी खातात तसा हाताने पीस उचलला.

आणि मी कुजबुजले, ‘‘बाबा, हाताने नका ना! लोक बघतायत.’’

लोक बघत नव्हते. मी बघत होते. बाबांनी पीस ताटलीत ठेवला, नॅपकिनला हात पुसला आणि म्हणाले, ‘‘पोट भरलं माझं.’’ घरी आल्यावर चार वाजता त्यांनी आईकडे दही-भात मागितला. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधीच बोललो नाही.

आयडिया ऑफिसने दिली

गेल्या वर्षी एका परदेशी क्लाएंटला घेऊन आमची टीम सहारच्या आयटीसी मराठामधल्या ‘पेशावरी’त गेली. हॉटेल नावाने मराठा आणि जेवण पेशावरी, ही गंमत आधीच आवडली होती. पण खरा धक्का आत बसला. बसायला बुटकी आसनं, जडशीळ लाकडी टेबलं, तांब्याची भांडी. मेन्यू लाकडी फळीवर. वेटरने प्रत्येकाच्या गळ्यात चौकड्यांचा एप्रन बांधला. आणि टेबलावर काटा नाही, सुरी नाही, चमचा नाही! सूटबूटवाला क्लाएंट बाह्या सरसावून कबाब हाताने तोडत होता आणि बोटं चाटत होता.

माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. बाबा!

हे सगळं मुळात दिल्लीच्या आयटीसी मौर्यमधल्या ‘बुखारा’चं. १९७० च्या दशकाच्या शेवटी ते सुरू झालं आणि वायव्य सरहद्द प्रांतातलं जेवण तिथल्यासारखंच, हाताने जेवायचं हा त्यांचा हट्ट आजतागायत टिकलाय. तिथे अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या नावाचं प्लॅटरसुद्धा मिळतं! ‘पेशावरी’ ही त्याच घराण्यातली.

आता प्रश्न होता बाबांना पटवायचा. मी सरळ सांगितलं, ‘‘बाबा, तिथे चमचे देतच नाहीत. मागायला लागतात.’’

बाबा पेपर खाली करून म्हणाले, ‘‘एवढं मोठं हॉटेल आणि चमचे नाहीत? मग बघायलाच पाहिजे.’’

तंदूरची कमाल

रविवारी मुद्दाम टाळला. वीकडेला रजा टाकली, साडेबाराला पोचलो. एप्रन बांधताना बाबा थोडे अवघडले. ‘‘न्हाव्याकडे बसल्यासारखं वाटतंय,’’ म्हणाले. समोर काचेपलीकडे तंदूर होते, आणि बाबांची नजर तिथेच खिळली.

तंदूरचं तंत्र म्हटलं तर साधं आहे, म्हटलं तर अफाट. मातीचा हंडा, तळाला धगधगता कोळसा. नान भिंतीला थापायचा. तो एका बाजूने तापलेल्या मातीवर भाजतो आणि दुसऱ्या बाजूने आतल्या गरम हवेवर. कबाबची सळी उभी सोडायची. त्यातली चरबी निखाऱ्यावर ठिबकते आणि तिचा धूर पुन्हा मांसाला लागतो. तो खरपूस वास गॅसवर येतच नाही. पंजाबात गावचा एकच तंदूर असायचा, बायका कणीक घेऊन तिथे जमायच्या. त्यालाच म्हणतात सांझा चूल्हा. १९४७ च्या फाळणीत पेशावर सोडून दिल्लीत आलेल्या लोकांनी दर्यागंजसारख्या भागात हॉटेलं काढली आणि तंदूर भारतभर पोचला. आज आपल्या हायवेवरच्या ढाब्यावर जी रोटी मिळते, तिचा प्रवास हा असा आहे.

आधी तंदुरी आलू आले. बटाटा आतून कोरायचा, त्यात बटाट्याचंच सारण, काजू-बेदाणे घालून भाजायचा. आईचा गुरुवार असतो, ती त्यावरच खूश. मग सिकंदरी रान. अख्खी तंगडी मसाला आणि व्हिनेगरमध्ये मुरवून, आधी मंद शिजवून मग तंदूरमध्ये भाजलेली. हाडापासून मांस नुसत्या बोटांनी सुटत होतं. सुरी ठेवली असती, तरी तिला कामच नव्हतं.

आणि दाल बुखारा! अख्खे काळे उडीद, टोमॅटो, आलं-लसूण, लोणी आणि साय. बस्स. सगळी जादू वेळेची. रात्रभर, जवळजवळ अठरा तास, ती तंदूरच्या निखाऱ्यांवर रटरटत असते.

आईने बोट बुडवून चाखलं आणि तज्ज्ञाच्या आवाजात म्हणाली, ‘‘उडीद छान मिळून आलेत. पण अठरा तास? गॅसचं बिल काय येत असेल यांचं!’’

बाबा मात्र गप्प. भल्यामोठ्या नानचा तुकडा एका हाताने, डाव्या हाताला न लावता तोडायचा, त्याची होडी करायची, दाल उचलायची आणि एक थेंब न सांडता तोंडात. माझ्या एप्रनवर तोवर डाळीचे तीन डाग पडले होते. शेजारच्या टेबलावरचे दोन गोरे पाहुणे दोन्ही हातांनी नानशी कुस्ती खेळत होते. त्यातला एक बाबांकडे बघत राहिला आणि खुणेने विचारलं, कसं करता?

बाबांनी हात वर करून दाखवलं. मधल्या बोटाने दाबायचं, अंगठा आणि पहिल्या बोटाने खेचायचं. दुसऱ्या खेपेला त्याला जमलं. बाबा म्हणाले, ‘‘व्हेरी गुड!’’

आता मात्र लोक खरंच बघत होते.

शेवटी, ते राहिलेलं

फिरनी आली तेव्हा मी विषय काढला. ‘‘बाबा, मागे त्या हॉटेलात मी जे बोलले ना...’’

बाबांनी फिंगर बोलमध्ये लिंबू पिळलं. ‘‘कंडक्टरला दिवसाला हजार माणसं बोलतात गं. विसरायची सवय असते.’’ थोडं थांबून म्हणाले, ‘‘ते मात्र नव्हतो विसरलो.’’ मग वाटी माझ्याकडे सरकवली. ‘‘खा. तुझी गार होतेय.’’

फिरनी गारच असते. मी काही बोलले नाही, खाल्ली.

बिल मी लपवणार होते, पण तिकिटांचा हिशेब केलेल्या माणसापासून काय लपणार? पाच आकडे बघून त्यांनी भुवया उंचावल्या, बेरीज तपासली, ‘‘बरोबर आहे’’ म्हणाले. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर त्यांचा आवाज ऐकू आला. डाळीबद्दल नाही, रानबद्दल नाही. ‘‘तिथे सगळे हातानेच जेवतात. एक फॉरेनर होता, त्याला मी शिकवलं.’’

तुम्हीही जाताय? मग हे वाचाच!

- शक्यतो वीकडेला, दुपारी जा. गर्दी कमी, वेटरला बोलायला वेळ असतो. टेबल आधी बुक करा.
- तिघांत एक कबाब, एक रान किंवा भाजी, एक दाल आणि एकच मोठा नान भरपूर होतो. आधी कमी मागवा.
- ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला साडेसात हजारांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटमध्ये जीएसटी १८ टक्के. एरवी बहुतेक रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. बजेट करताना हे धरा.
- सर्व्हिस चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसं सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. बिलात दिसला, तर काढायला सांगता येतो. सर्व्हिस आवडली तर टिप जरूर द्या.
- आणि सगळ्यात महत्त्वाचं. आई-बाबा जसे जेवतात, तसं त्यांना जेवू द्या. लोक बघत नसतात.