गल्ला वेगळा, उत्पन्न वेगळे

गाळप हंगाम सुरू झाला, की कारखान्याच्या रस्त्याला पहाटेपासून टायरगाड्यांची रीघ लागते. ऊस भरलेली गाडी आणि मधेच चाक बसलेले, हा प्रसंग आपल्यापैकी कित्येकांनी पाहिला आहे. अशा वेळी वजनकाट्याच्या अलीकडे, लिंबाखाली, पत्र्याच्या शेडमध्ये बसलेला एक पंक्चरवाला सर्वांना आठवतो. गाडीवान चाक सोडून त्याच्यापुढे आणून टाकतो, आणि हा बसल्या जागी ट्यूब काढून, पाण्यात बुडवून, भोक हुडकून पॅच मारून देतो. त्याचा एक पाय लहानपणीच पोलिओने वाळला आहे. कुबडी शेडच्या खांबाला टेकवलेली असते.

तो आपल्याच एका सभासदांचा मुलगा. नाव छापू नका म्हणाला, म्हणून छापत नाही. परवा आम्ही त्याच्याकडे गेलो आणि सहज विचारले, “का रे, दुकानाला पाटी का नाही? रात्रीच्या पाळीचे गाडीवान तुला शोधत हिंडतात.”

तो म्हणाला, “साहेब, पाटी लावली तर पगार बंद होईल की!”

पगार म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान. गावाकडे सगळे त्याला पगारच म्हणतात. ही योजना राज्यात १९८० साली सुरू झाली. ज्याचे अपंगत्व किमान ४० टक्के आहे, त्याला ती लागू होते. ज्याला आपण पूर्वी अपंग म्हणत होतो, त्याला आता सरकारी कागदावर दिव्यांग म्हणतात. दिव्यांगांचे दरमहा अनुदान १,५०० रुपये होते. ते २०२५ साली २,५०० रुपये करण्याचा निर्णय झाला. मात्र अट अशी, की दिव्यांगाच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत असले पाहिजे.

या अटीचा अर्थ गावात भलताच लावला जातो. ‘धंदा केला की पगार गेला,’ असे कुणीतरी पारावर सांगते आणि ते पक्के होऊन बसते. खरे पाहता अट उत्पन्नाची आहे, काम न करण्याची नव्हे. हात चालतो म्हणून वाळलेला पाय काही बरा होत नाही. तरीही भीतीपोटी कुणी दुकान भावाच्या नावावर दाखवतो, कुणी पाटी लावत नाही, कुणी कर्जाच्या कागदावर सही करायला घाबरतो.

गेल्या हंगामात या पोराच्या विरुद्ध एक निनावी अर्ज गेला. ‘रोज चारशे रुपये मिळवतो आणि वर सरकारचा पगार घेतो,’ असा मजकूर. तलाठी भाऊसाहेब चौकशीला आले. पोराचे तोंड सुकले. पण त्याच्या बायकोने पिशवीतून एक शंभर पानी वही काढून पुढे ठेवली. रोजचा जमा-खर्च तिने त्यात लिहिलेला होता.

तो हिशेब आम्हीही पाहिला. हंगामाचे १३० दिवस, रोजचा सरासरी गल्ला ४०० रुपये, म्हणजे ५२,००० रुपये. त्यातून ट्यूब, पॅच, सोल्यूशन, लाईट बिल, जागेचे भाडे आणि कॉम्प्रेसरची दुरुस्ती मिळून २१,००० गेले. शिल्लक ३१,०००. धुराडे थंडावले की रस्ता ओस पडतो. उरलेल्या सात महिन्यांत गल्ला १७,५००, खर्च ७,०००, शिल्लक १०,५००. वर्षाची निव्वळ कमाई ४१,५०० रुपये! संसार वेगळा, रेशनकार्ड वेगळे, दुसरी मिळकत नाही. गल्ला ६९,५०० रुपयांचा, पण उत्पन्न मर्यादेच्या आत. भाऊसाहेबांनी वही पाहिली, तसा जबाब लिहून घेतला, आणि अनुदान चालू राहिले.

आपण ऊसवाले आहोत. बिलाची रक्कम म्हणजे नफा नव्हे, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. बेणे, खत, पाणीपट्टी आणि सोसायटीचे कर्ज वजा जाता हातात काय राहते, ते आपणच जाणतो. मग पंक्चरवाल्याच्या गल्ल्याकडे पाहताना हे कसे विसरतो?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. वर्षाला ५०,००० म्हणजे दिवसाला १३७ रुपये. नवरा, बायको आणि एक लेकरू एवढ्यात भागवायचे. या पोराला मोठा कॉम्प्रेसर घ्यायचा आहे, म्हणजे ट्रॅक्टर-ट्रॉलीची चाकेही करता येतील. दिव्यांगांसाठी राज्यात वित्त व विकास महामंडळ आहे, तेथे धंद्यासाठी कर्जाची सोय आहे. पण तो कचरतो. म्हणतो, “कमाई पन्नासाच्या वर पाच हजार गेली, तर तीस हजारांचा पगार जाणार. मग वाढून काय उपयोग?”

त्याचा हिशेब चुकीचा नाही. थोडे वाढले की सगळे जाते, अशी ही पायरी आहे. माणूस ती चढायला भितो, त्याला आळशी म्हणू नये. उत्पन्न वाढेल तसे अनुदान हळूहळू कमी होत गेले, तर असे कितीतरी हात मोकळे होतील. ग्रामसभेत व लोकप्रतिनिधींपुढे हे मांडण्याजोगे आहे, असे आम्हास वाटते.

तोवर आपल्या हाती जे आहे ते करावे. ज्यांच्या घरी दिव्यांग व्यक्ती आहे, त्यांनी वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, काढून घ्यावे. धंदा असेल तर रोजची वही लिहावी, खरेदीच्या पावत्या जपाव्यात. हयातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर द्यावा व खरे तेच सांगावे. उत्पन्न खरोखर मर्यादेबाहेर गेले तर तेही लपवू नये. पुढे वसुली निघाली तर ती जास्त जड जाते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ती कुठे खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आणि निनावी अर्ज लिहिण्यापूर्वी एकदा त्या शेडमध्ये जाऊन बसावे. चहा तो स्वतः पाजतो.

आम्ही निघताना त्याने पाटीचा पत्रा दाखवला. रंग देऊन ठेवला आहे, अक्षरे अजून काढायची आहेत. कॉम्प्रेसरचे मात्र पुढच्या हंगामात पाहू म्हणाला. तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला, एक गाडीवान चाक ढकलत आला, आणि पोराने ट्यूब पाण्यात बुडवली.